कुंडी कशाची, ते आधी पाहा

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही गॅलरीत मेथी लावायचे ठरवले. विकतच्या कुंड्या परवडेनात, म्हणून भंगारातून एक निळा प्लास्टिकचा कॅन आणला व मधोमध कापला. साबणाने तीनदा धुतला, माती भरली, मेथी पेरली. रोपे चार बोटे वर आली आणि पिवळी पडली. शेजारच्या तेलाच्या डब्यातली मेथी मात्र तरारली होती. उन्हात तापलेल्या कॅनला नाक लावले, तर उग्र वास. आमचे दादा तीस वर्षे कंपनीत होते. त्यांनी एवढेच विचारले, "यात आधी काय भरलेले होते?" ते आम्ही विचारलेच नव्हते. दोष कॅनचाच, असे छातीठोक सांगता येणार नाही. पण ती मेथी मुलांच्या ताटात वाढायची हिंमत झाली नाही. मातीसकट टाकून दिली.

भगिनींनो, आपल्या भागात ही गोष्ट लहान नाही. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर येथे रासायनिक कारखाने आहेत. रसायनांचे रिकामे कॅन व पिंपे भंगारात येतात आणि स्वस्तात मिळतात. कॅन वरून स्वच्छ दिसला तरी काही रसायने प्लास्टिकात मुरतात व हळूहळू बाहेर पडतात. धुऊन ती जातीलच असे नाही. असे पिंप भाजीलाही नको आणि पिण्याचे पाणी साठवायलाही नको. जुन्या रंगाचे डबेही टाळावेत, कारण त्यात शिसे असू शकते.

लोकलने जाताना रुळांकडेचे पालक-माठाचे मळे आपण सर्वांनी पाहिले आहेत. अशा भाजीला नाल्याचे पाणी घालतात, ही तक्रार फार जुनी आहे. त्या भीतीने घरी भाजी लावायची आणि घरातच रसायनाचा डबा आणायचा, याला काय अर्थ?

मग लावावे कशात? तेलाचा पत्र्याचा डबा, फुटकी बादली, धान्याची गोणी, काहीही चालते. बुडाला चार-पाच भोके पाडावीत. तळाशी विटांचे तुकडे व नारळाच्या शेंड्या घालाव्यात. वर माती आणि चांगले कुजलेले शेणखत. रसवंतीवरचे उसाचे चिपाड बारीक करून घातल्यास डबा हलका राहतो. मुंबईचे डॉ. आर. टी. दोशी यांनी अशाच चिपाडावर गच्चीत भाज्या पिकवल्या. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनीही 'प्रयोग परिवारा'तून घरच्या कचऱ्यावर बाग करण्याची वाट लोकांना दाखवली.

सुरुवात स्वयंपाकघरातूनच करावी. धणे चोळून दोन फाका कराव्यात आणि पेराव्यात. मेथी तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात भाजीला येते. पुदिन्याच्या जाड काड्या खोचल्या तरी जगतात. मायाळूचा वेल खिडकीच्या गजांवर चढतो, पानांची भजी छान होतात. मेथी-कोथिंबीर भर पावसात कुजते, म्हणून ती पावसाळा सरल्यावर पेरावी. ऊन कमी असेल तर टोमॅटो-मिरचीचा हट्ट धरू नये.

शोभेसाठी चिनी गुलाब आणि सदाफुली लावावी, दोन्ही फारशी काळजी मागत नाहीत. सदाफुलीचे पान मात्र खाण्याचे नाही, हे मुलांना सांगून ठेवावे. रांगते मूल असेल तर मोठ्या ठिपकेदार पानांचे डिफेनबेकिया घरात आणूच नये. त्याचे पान चावले तर तोंडाची आग होते, जीभ सुजते.

कुंडीखालच्या थाळीतले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून थाळी घासावी. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. खालच्या मजल्यावर पाणी गळणार नाही, हेही पाहावे. बागेपायी शेजार तुटू नये.

आमच्या गॅलरीत आता तेलाचे तीन डबे आहेत. भाजी फार निघते असे नाही, आठवड्यातून एखाद्या वेळची. पण ती कशात वाढली, कोणते पाणी प्यायली, हे आम्हाला ठाऊक असते. डबा घेताना दादांचा प्रश्न तुम्हीही विचारा. उत्तर मिळाले नाही, तर डबा तिथेच ठेवून या.