प्रेस्टनचा प्लंबर

फुटबॉलपटू टॉम फिनी इंग्लंडकडून ७६ सामने खेळला, ३० गोल केले. आणि तरीही आपल्या प्रेस्टन गावात लोकांचे नळ दुरुस्त करत राहिला. वडिलांच्या आग्रहाने शिकलेला प्लंबिंगचा धंदा त्याने कधी सोडला नाही. हौस म्हणून नव्हे. फुटबॉलपटूच्या पगारावर तेव्हा कायद्यासारखी कमाल मर्यादा होती. ती अखेरीस आठवड्याला २० पौंडांवर पोहोचली आणि १९६१मध्ये उठली. फिनी त्याआधीच, १९६०मध्ये, निवृत्त झाला होता.

१९५२मध्ये इटलीच्या पालेर्मो क्लबने त्याच्यापुढे १०,००० पौंड, बंगला आणि मोटार ठेवली. त्याच्या क्लबने, प्रेस्टन नॉर्थ एंडने, नकार दिला, विषय संपला. करार क्लबच्या मुठीत असे, खेळाडूच्या नव्हे.

प्रेस्टनलाच धरून राहिलेल्या फिनीच्या निष्ठेचे आपण गोडवे गातो. पण जिथे दार बाहेरून बंद असते, तिथे निष्ठा किती आणि नाइलाज किती? फिनी निवृत्त झाला आणि पुढच्याच मोसमात प्रेस्टन पहिल्या श्रेणीतून घसरला, तो अजून परतलेला नाही. खेळाडूची किंमत काय असते, हे क्लबला तेव्हा कळले असावे.

आजच्या खेळाडूंच्या कोटींच्या लिलावांवर नाक मुरडण्याआधी हा प्लंबर आठवावा.

— संपादक