नाव मधु, वस्तू मद्यच



"वाइन म्हणजे काही दारू नव्हे, तो द्राक्षाचा रस" असे वाक्य अलीकडे माळ घातलेल्या माणसांच्याही तोंडून ऐकू येऊ लागले आहे, म्हणून हे लिहिणे भाग आहे. वाक्यामागे पुरवणीही असते : कारखाना लहान आहे, एका कुटुंबाचा आहे, द्राक्ष देशी आहे, आणि चार पैसे शेवटी शेतकऱ्यालाच मिळतात. पूर्वपक्ष असा चांगला सजलेला आहे. आता त्याचा विचार करू.

नावापासून सुरुवात करतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. त्यात द्राक्षरसापासून होणाऱ्या पेयाला 'मधु' म्हटले आहे आणि देशपरत्वे त्याची कापिशायन, हारहूरक अशी नावे सांगितली आहेत. नाव किती गोड! पण त्याची नोंद झाली ती सुराध्यक्षाच्या खात्यात. आजही वाइनचा परवाना कृषी खाते देत नाही, राज्य उत्पादन शुल्क खाते देते. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून आणि सुपरमार्केटमधून वाइन विकायला मुभा देण्याचे ठरवले. तेव्हाही अट घातली की देवस्थान आणि शाळा यांच्याजवळ नको, दारूबंदीच्या जिल्ह्यात नको. नुसता रस असता तर देवळापासून लांब कशाला ठेवला असता? ज्यांनी मुभा दिली त्यांनाच वस्तू काय आहे ते पक्के माहीत होते. बाटलीत शेकडा बारा-तेरा भाग मद्यार्क असतो, आणि तो पोटात गेल्यावर आपले कुळ विचारत नाही.

कोणी द्राक्षासवाचा दाखला देतो. द्राक्षासव वैद्य देतो, रोग्याला देतो, चमच्याने मोजून आणि पाणी घालून देतो. पाहुणे जमवून द्राक्षासवाचे पेले भरल्याचे मी सत्तरी ओलांडली तरी पाहिले नाही.

आता देशी द्राक्ष. नाशिककडच्या तांबड्या वाइनची शिराझ, कॅबर्ने ही द्राक्षे फ्रान्सची. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एआरआय-५१६ नावाचे काळे द्राक्ष तयार केले आहे. कॅटॉबा हे अमेरिकी वाण आणि ब्यूटी सीडलेस यांचा तो संकर. रस भरपूर, बुरशीला सहसा बळी पडत नाही. त्याची तांबडी वाइन होते हे खरे, पण त्याचा रस आणि जॅमही उत्तम होतो. मग देशीपणाची आठवण बाटलीपाशीच का यावी? आपल्या शेतकऱ्यांची खरी देशी करामत तास-ए-गणेश आणि सोनाका. थॉमसनच्या बागेत वेगळी दिसलेली वेल आपल्याच माणसांनी हेरली, जोपासली, गावोगाव पोचवली. ती द्राक्षे खाण्याची आहेत.

कुटुंबाचा आणि लहानपणाचा मुद्दा मला सर्वांत फसवा वाटतो. नाशिकला गंगापूर धरणाजवळ यॉर्क नावाची एका कुटुंबाची वाइनरी होती. २०२१ मध्ये ती सुला या मोठ्या कंपनीकडे गेली, आणि २०२२ च्या डिसेंबरात सुला शेअर बाजारात उतरली. यात कोणाचा गुन्हा नाही, व्यापाराची चालच अशी. पण घरगुती म्हणून ज्याला आज आपण दार उघडू, त्याच्या मागून उद्या कोण आत येईल हे आपल्या हातात राहत नाही. आणि जागा कोणती पाहा. त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी, पौष वद्य एकादशीला तिथे दिंड्यांची दाटी. त्याच जिल्ह्यात आता बसगाड्या भरून लोक वाइन चाखायला येतात.

आम्हा नागपूरकरांना हे दुरून दिसते, कारण आमच्याकडे द्राक्ष नाही, संत्रे आहे. आमच्याकडे मोहही आहे. जंगलातल्या गावात एखादी बाई मोहफुलांची हातभट्टी लावते तेव्हा पोलीस येऊन मडकी फोडतात, गुन्हा दाखल होतो. तिचाही धंदा घरचाच, तिचे फूल तर अस्सल देशी. तिला कोणी उद्योजक म्हणत नाही. मी हातभट्टीची बाजू घेत नाही. शेजारच्या वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत बायाबापड्यांनी झगडून ती १९९३ मध्ये आणली, त्यांच्या पायाशी माझे डोके. पण मडके आणि काचेची बाटली यांना दोन न्याय लावणारा माणूस मला धर्म शिकवायला येतो, हे सहन होत नाही.

२०२२ मध्ये आपल्या संप्रदायाने आवाज उठवला, योग्य केले. काही जणांची जीभ मात्र तेव्हा बायकांविषयी घसरली आणि लोक मूळ प्रश्न विसरून तेवढेच बोलत बसले. आपल्या तोंडी तसली भाषा शोभत नाही.

शेतकऱ्याचे म्हणाल तर, राज्यातल्या द्राक्षांपैकी वाइनला जातात ती अगदी थोडी. २००८ च्या मंदीनंतर खरेदी आटली तेव्हा नाशिककडच्या कित्येकांनी वाइनच्या वेली स्वतःच्या हाताने उपटल्या, कारण ते द्राक्ष बाजारात टोपलीने विकता येत नाही. बेदाण्याचे तसे नाही. चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा होतो, शीतगृहात टिकतो, भाव येईपर्यंत थांबता येते. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. पंढरपूर तालुक्यात कासेगावकडे द्राक्षाच्या बागा आहेत. विठोबाच्या दारातले हे पीक. सरकारला शेतकऱ्याचा एवढा कळवळा असेल तर शीतगृहे वाढवावीत, शाळेच्या खिचडीबरोबर मुलांच्या हातावर मूठभर बेदाणा ठेवावा.

राहिला एक प्रश्न, जो मला वारंवार विचारला जातो. माळकरी शेतकऱ्याने वाइनरीशी करार करून द्राक्ष लावले, स्वतः थेंबही घेत नाही, तर माळ राहिली का? सावतोबांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला, तेव्हा मळ्यात काय पिकते आणि ते कुठे जाते हा प्रश्न माळेबाहेरचा मानता येणार नाही. माझ्या मते त्याने हा करार संपला की पुन्हा करू नये. कर्ज डोक्यावर असेल, वेल मोडायला दोन वर्षे लागतील, तेवढी द्यावीत. तोवर त्याला दिंडीतून काढू नये, पंगतीत वेगळे बसवू नये. मात्र वीणा त्याच्या गळ्यात घालू नये, आणि त्या पैशातून त्याने सप्ताहाची पंगत देऊ केली तर हात जोडून नको म्हणावे.