आधार दिलं तरी ‘ओळख पटवा’ परत का येतं? खरी मागणी कोणती, फसवणूक कोणती

बाजाराच्या दिवशी तालुक्यातल्या कुठल्याही मोबाईल दुकानात किंवा सेवा केंद्रात तासभर थांबलं, की एक तक्रार हमखास कानावर येते. ‘फेसबुक उघडंना, ओळख पटवा म्हणतंय. आधारचा फोटो दिला, तरी दोन दिवसांनी परत तेच.’ कुणाचं खातं म्हणजे नुसती करमणूक असते, त्याचं फार बिघडत नाही. पण बचत गटाच्या पापड-लोणच्याची गिऱ्हाइकं ज्या पेजवर आहेत, रोपवाटिकेच्या ऑर्डरी जिथून येतात, ते पेज चालवणाऱ्याचं खातं बंद पडलं तर हंगाम जातो. घाबरलेला माणूस मग जो कुणी कागद मागेल त्याला देत सुटतो. भामट्यांना नेमकं हेच पाहिजे असतं.

आपल्याला कागद द्यायची सवयच लागली आहे, हे आधी मान्य करू. पीएम किसानची ई-केवायसी, रेशनची ई-केवायसी, लाडकी बहीणची ई-केवायसी, बँकेची वेगळी, सिमकार्डाची वेगळी आणि आता शेतकरी ओळख क्रमांक. एकदा अंगठा दिला, परत बोलावलं, परत दिला. नाही दिला तर हप्ता थांबतो, म्हणून कुणी ‘कशाला पाहिजे?’ असं विचारत नाही. त्यामुळे फोनवर ‘ओळख सिद्ध करा’ दिसलं की हात आपोआप आधारकडे जातो. समाजमाध्यमाची कंपनी म्हणजे सरकार नव्हे, हा फरकच पुसला गेलाय.

आता खरी मागणी का येते ते बघू. खात्यावर तेच नाव असावं ज्याने माणूस रोजच्या जगण्यात ओळखला जातो, आणि ते ओळखपत्राशी जुळावं, असा फेसबुकचा नियम आहे. एका माणसाला एकच वैयक्तिक खातं, हाही नियम. आणि आपल्याकडची खाती बघा! ‘बळीराजा’, ‘पाटील सरकार’, ‘भाऊ प्रेमी’, ‘गावाकडची पोरं’. अशा खात्याची तपासणी लागली आणि तुम्ही स्वतःचं खरं आधार दिलं, तरी नाव जुळत नाही म्हणून ते नाकारलं जातं. दहा वेळा द्या, दहा वेळा तेच.

जन्मतारखेचा घोळ त्याहून जुना आहे. आपल्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी सर्रास १ जून लावून टाकलेली आहे. काहींच्या आधारवर तर नुसतं जन्मसाल आहे. खातं उघडताना पोरानं तिसरीच तारीख टाकलेली असते. बायकांच्या बाबतीत नावाचा वेगळा गुंता. खातं माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, मतदान कार्डावर इंग्रजी स्पेलिंग आणखी निराळं. माणूस खरा, कागद खरा, तरी तपासणीत नापास. ही तपासणी बरीचशी यंत्रच करतं, त्याला आपल्या घरची हकीकत कळत नाही.

जुन्या नंबरची गोष्टही लक्षात घ्या. रिचार्ज न केलेलं सिम बंद पडलं, की किमान ९० दिवसांनंतर तोच नंबर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. तुमचं खातं त्या नंबराला जोडलेलं असेल तर ओटीपी जातो परक्या माणसाकडे. नवीन हँडसेटवरून, दुसऱ्या गावातून किंवा दुकानदाराच्या संगणकावरून खातं उघडलं तरी संशय येऊ शकतो. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवाराच्या पोस्टला पैसे देऊन ‘बूस्ट’ करणाऱ्या पोरांना तर ओळख द्यावीच लागते. भारतात राजकीय जाहिरातीसाठी फेसबुकने २०१९ पासून ते बंधनकारक केलंय, त्यात फसवणूक काही नाही.

कागद नाकारण्याची साधी कारणं पण असतात. लॅमिनेशनवर पडलेली बल्बची चमक, झेरॉक्सचा फोटो, कापलेला कोपरा. दिवसाउजेडी, सावलीत, मूळ कार्ड सपाट ठेवून फोटो काढा. आणि एकदा पाठवल्यावर उत्तराची वाट बघा, तासा-तासाला परत पाठवत बसू नका. खातं अजून चालू असेल तर आधी नाव आणि जन्मतारीख ओळखपत्राप्रमाणे करून घ्या. नाव एकदा बदललं की पुढचे ६० दिवस परत बदलता येत नाही, तेव्हा स्पेलिंग बघूनच टाका.

‘पाचशे द्या, खातं चालू करून देतो’ म्हणणारे आता प्रत्येक तालुक्याला झालेत. त्यांच्याकडे वेगळी वाट कुठलीच नसते. तुम्ही जो फॉर्म भरला तोच ते भरतात, फक्त तुमचा पासवर्ड आणि आधारचा फोटो त्यांच्या फोनमध्ये राहून जातो. पाचशे रुपये गेले ते परवडलं, आधार गेलं ते नाही परवडत.

खोटी मागणी ओळखायला फार शिक्षण लागत नाही. मेसेंजरवर ‘सपोर्ट’ असं काहीतरी नाव आणि कंपनीचा लोगो लावलेलं पेज मेसेज टाकतं. कधी पोस्टमध्ये तुम्हाला टॅग करतं. मजकूर ठरलेला: तुम्ही नियम मोडलात, २४ तासांत ओळख पटवा, नाहीतर खातं कायमचं बंद. खाली एक लिंक. लिंक उघडली की हुबेहूब फेसबुकसारखं पान, त्यावर पासवर्ड मागतात, मग ओटीपी. काही ठिकाणी एपीके फाईल पाठवतात. वाहनाच्या चलनाच्या आणि पीएम किसानच्या नावाने आलेल्या अशाच फाईलींनी बँक खाती रिकामी झालेली आहेत, तीच ही जात.

अशा वेळी मेसेज बाजूला ठेवायचा, लिंकला हात लावायचा नाही आणि ॲप स्वतःच्या हाताने उघडायचं. मागणी खरी असेल तर खात्यात शिरतानाच ती समोर येते. ॲपमध्ये काहीच दिसत नसेल तर मेसेज खोटा धरा. ईमेल आला असेल तर सेटिंगमध्ये पासवर्ड आणि सुरक्षिततेच्या भागात कंपनीने अलीकडे पाठवलेल्या ईमेलची यादी मिळते, त्यात तो आहे का बघा. गुगलवर फेसबुकचा ‘कस्टमर केअर नंबर’ अजिबात शोधू नका. सामान्य वापरकर्त्यासाठी असा फोन नंबरच नाही, सापडला तो भामट्याचा. व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोडही कुणालाच सांगायचा नाही, मागणारा सख्खा पाहुणा असला तरी. त्याचं खातं आधीच कुणीतरी पळवलेलं असू शकतं.

चेहरा फिरवून व्हिडिओ द्यायची मागणी हल्ली खऱ्या ॲपमध्येही येते. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, वर बघा. ती ॲपच्या आतच होते. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर कुणी ‘पडताळणी’ करत असेल तर कॉल तोडा.

कागद द्यायचाच झाला तर कोणता? आधारच पाहिजे असं नाही. पॅन, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, यातलं एखादं चालतं. नाव आणि जन्मतारीख, किंवा नाव आणि फोटो जुळला पाहिजे. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगी कंपन्यांना कराराच्या जोरावर आधार मागण्याची मुभा काढून टाकली होती. दुसरं काहीच नसेल तर ‘मास्क्ड’ आधार द्या. ते यूआयडीएआयच्या वेबसाईटवरून उतरवता येतं, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. दिलेलं ओळखपत्र फेसबुक वर्षभरापर्यंत ठेवू शकतं. ओळख पटवण्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ही मुदत ३० दिवसांवर आणता येते. हे फार थोड्यांना माहीत आहे, आणि मला विचाराल तर कंपनीने हे पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात सांगायला हवं होतं.

खातं निलंबित झालं असेल तर अपिलाला १८० दिवस मिळतात, त्यामुळे ‘२४ तास’ या धमकीला घाबरायचं कारण नाही. मुदत संपली की मात्र खातं कायमचं जातं. अपील नाकारलं तर भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाता येतं. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी प्रत्येक मोठ्या कंपनीला असा अधिकारी नेमायला लावलंय. तिथेही समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या अपील समितीकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, वकील लागत नाही. नोटिशीचे, पाठवलेल्या कागदाचे आणि आलेल्या उत्तराचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवले तरच इथे काम होतं. पैसे गेले असतील तर या कशाची वाट न बघता लगेच १९३० ला फोन करायचा.

याच २०२१ च्या नियमांत, ५० लाखांवर वापरकर्ते असलेल्या कंपन्यांनी मोबाईल नंबरच्या आधारे ओळख पटवून घ्यायची सोय द्यावी, पण ती वापरकर्त्याच्या मर्जीवर असावी, असं म्हटलं आहे. म्हणजे सरसकट सगळ्यांनी ओळखपत्र द्या असा सरकारी हुकूम नाही. ‘सरकारच्या आदेशाने’ असं लिहून कागद मागणारा मेसेज आला, तर तिथेच थांबा.

मागण्या पुढे कमी होतील असं दिसत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला आई-वडिलांची खात्रीशीर संमती लागेल अशी अट आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि ही अट त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहे. आपल्याकडे एका फोनवर बापाचं, पोराचं आणि पोरीचं खातं असतं. आठवीतल्या पोराने खातं उघडताना वय वाढवून लिहिलेलं असतं, नंबर बापाचा असतो. ही अट लागू झाली की मूल कोण आणि पालक कोण हे कंपन्यांना विचारावंच लागेल, आणि त्याच नावाखाली खोट्या लिंकही येणार. घरातल्या कोणत्या खात्यावर कुणाची जन्मतारीख आणि कोणता नंबर आहे, एवढं तरी आज रात्री पोरांना जवळ बसवून वहीत लिहून ठेवा.