अक्कलदाढ, आई आणि स्टेरॉईड

मागच्या शनिवारी नेवाशात खालची अक्कलदाढ काढून घेतली. दाढ हाडात आडवी रुतलेली. हिरडी कापणं, हाड कोरणं, टाके... सगळा कार्यक्रम झाला. सुरुवातीलाच डॉक्टर म्हणाले, "सूज कमी यावी म्हणून डेक्सामेथासोनचं एक इंजेक्शन देतो. स्टेरॉईड आहे, चालेल ना?"

सोबत आलेली आई एकदम म्हणाली, "नको! दुसरं काहीही द्या."

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. २०२१ मध्ये कोरोनानंतर मामाला काळी बुरशी झाली, एक डोळा काढावा लागला. शुगर वाढलेली आणि स्टेरॉईड कितीतरी दिवस चालू. तेव्हापासून आमच्या घरात हा शब्द निघाला की सगळे गप्प होतात.

मी इंजेक्शन घेतलं. (मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे, हे आधीच सांगतो.) माझ्या मते आपण भांडतोय औषधाच्या नावाशी, आणि बघायला हवेत डोस आणि दिवस. दाढेनंतरची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. तेवढ्यापुरता ४ किंवा ८ मिलिग्रॅमचा एक डोस साधारणपणे पुरतो. सूज कमी येते, तोंड लवकर उघडतं. दुखण्यावर मात्र फरक थोडाच, पेनकिलर घ्यावीच लागते. आणि याच डेक्सामेथासोनने जून २०२० च्या ऑक्सफर्डच्या चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या कोरोना रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी केले होते. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा काही फायदा दिसला नाही. औषध तेच!

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. दोन वर्षांपूर्वी पुण्यात दुसरी दाढ काढली, तेव्हा दंडात काय टोचलं ते कोणी सांगितलं नाही, शुगर आहे का हेही विचारलं नाही. कागदावर फक्त 'इंजेक्शन'. मला शुगर नाही म्हणून निभावलं. माझ्या जागी बाबा असते तर? त्यांना दहा वर्षं डायबेटिस आहे, आणि एका डोसनेही एक-दोन दिवस साखर वर जाऊ शकते. नेवाशाच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, शुगर विचारली, आईशी पाच मिनिटं बोलले. पुण्यात तेवढंही जमू नये?

असो. गाल सुजला, पण सोमवारी वरण-भात खाता आला. आता बाबांची दाढ काढायची आहे. काल आईचा फोन : "त्या इंजेक्शनचं नाव परत सांग रे, यांच्या फाईलवर लिहून ठेवते. डॉक्टरांना आधीच विचारीन."