पावती नसलेला कर



शेत आपले, बी आपले, बैल आपले, घाम आपला. तरी आपलाच कापूस गाडीत भरून सातपुड्याच्या पायथ्याने बऱ्हाणपूरकडे हाकला, की आपण चोर! जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या म्हाताऱ्यांना विचारा. ही गोष्ट इंग्रजांच्या राज्यातली नाही. 1971 चा कायदा करून महाराष्ट्र सरकारने 1972 पासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. कापूस सरकारलाच घालायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. 2002 मध्ये खाजगी व्यापाऱ्याला दार उघडले, तोवर तीस वर्षे निघून गेली होती.

भाव सरकार ठरवणार, प्रत ग्रेडर ठरवणार, चुकारा येईल तेव्हा येणार. त्यातून भांडवल उभारणी निधीचे 3 टक्के आधीच कापलेले. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला, तर मध्ये नाका उभा. त्या दोन भावांतला फरक म्हणजेच कर. फक्त त्याची पावती कोणी फाडली नाही. ज्वारीवाल्यांनी हसू नये. त्यांच्या बापांनी लेव्ही घातली आहे. घरची कणगी रिकामी करून सरकारच्या भावाने दिलेली ज्वारी, तोही करच होता.

शेतसारा मागायला तलाठी येतो. तो दिसतो, म्हणून त्याच्याशी भांडता येते. बंदीचा हुकूम दिसत नाही, म्हणून तो जास्त लुटतो. आणि शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून शेतकरी फुकटा, असे शहरात खुशाल बोलले जाते! ओईसीडी आणि इक्रिअर या संस्थांनी 2018 साली हिशोब मांडला. 2000-01 ते 2016-17 या काळात सरकारी धोरणांमुळे शेतीच्या दर शंभर रुपये उत्पन्नामागे सरासरी 14 रुपये उणे. अनुदाने जमेस धरूनही उणे!

एकाधिकार गेला, हात तोच राहिला. मार्च 2012 मध्ये कापसाची निर्यात एका हुकुमाने बंद झाली. ऑगस्ट 2025 मध्ये आयातीवरचे 11 टक्के शुल्क काढले आणि सवलत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमकी आपल्या वेचणीच्या दिवसांत. बाजार खुला करायचा तर दोन्ही दारे कायमची उघडा. भाव चढला की बाहेरचे दार बंद आणि आपला माल निघाला की आतले दार उघडे, हा कुठला खुला बाजार? फवारणीच्या औषधावर 18 टक्के जीएसटी आपण भरतो. कारखानदाराला भरलेला कर वळता करून मिळतो, आपल्याला नाही.

कोणी म्हणेल, भाव पडला की सरकारी खरेदीच्या रांगेत तुम्हीच उभे राहता ना? होय, राहतो. एकाधिकारातही काही वर्षी भाव बाहेरपेक्षा बरा होता, तेव्हा बाहेरचा कापूस इकडे येत होता, हेही आम्ही नाकारत नाही. पण ज्याने पाय बांधले त्याने कुबडी दिली, म्हणून त्याचे उपकार किती मानायचे?

महात्मा फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला, त्यात सरकारी कर आणि कामगारशाही कुणब्याला कशी पिळते तेच दाखवले. रशियात क्रोपोट्किन आणि टॉलस्टॉय सत्तेच्या मुळावरच बोट ठेवून गेले. आपल्या पवनारच्या विनोबांनी शासनमुक्त समाजाचा ध्यास धरला. अराज्य म्हणजे अराजक नव्हे. चोराला पकडायला पोलीस हवा, तंटा तोडायला कोर्ट हवे, आणि त्यासाठी लागेल तो कर उघडपणे, पावती देऊन घ्यावा. पण आपला माल आपण कुठे विकायचा आणि कोणते बी पेरायचे, हे ठरवण्याचा अधिकार आम्ही कोणाला दिलेला नाही. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी बंदी असलेले कपाशीचे बी उघडपणे पेरले, ते याच हक्कासाठी.

म्हणून सूट आणि सवलत मागण्याआधी मागायचे ते एकच : बंदी घालण्याची सत्ता काढून घ्या. जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येकाने यंदाची विक्रीची पट्टी आणि औषध-खताची बिले सोबत आणावीत. कोणी कोणाला पोसले, याचा हिशोब भर सभेत मांडू.