स्कॅनरच्या स्टिकरवर एक ओळ मराठीत हवी

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई



मोखाड्याहून खोडाळ्याकडे येणाऱ्या रस्त्यावर माझं किराणा दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी एक तरुण आला, आधार, पॅन, पासबुकाचे फोटो काढले, मला गल्ल्यापाशी उभं करून आणखी एक काढला आणि अर्ध्या तासात स्कॅनर चिकटवून गेला. सोबत बोलणारा बॉक्स. "सगळं फुकट," म्हणाला. पुढच्या महिन्यात माझ्याच जमेतून बॉक्सचं भाडं कापलं गेलं. अटी मोबाइलवर होत्या, इंग्रजीत.

तरी स्कॅनर मला हवाच आहे. रोजगार हमीची मजुरी इथे खात्यात जमा होते. दिवाळीनंतर माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि घरी फोनवरून पैसे पाठवतात. ते काढायला मोखाड्याला नाहीतर जव्हारला जायचं म्हणजे जीपचं भाडं आणि दिवसाचा खाडा.

गेल्या पावसाळ्यात पाड्यावरची एक बाई तेल, मीठ, सुकट घेऊन उभी होती. कडेवर पोर. रेंजसाठी ती पागोळीखाली गेली, फोन वर धरला, परत आली. "दादा, कटले पैसे, बघा." १४० रुपये तिच्या खात्यातून गेले होते. माझा बॉक्स गप्प. दोघं त्या डबीकडे बघत राहिलो. तिने तेलाची पिशवी हळूच परत गल्ल्यावर ठेवली. मी ती तिच्या हातात दिली आणि वहीत लिहून ठेवलं.

यावर तुमच्याच बँकेचा नियम आहे, २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकातला. ग्राहकाचे पैसे कटले आणि दुकानदाराला पोच आली नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशिराच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न बघता. किती चांगला नियम! पण माझ्या दुकानात येणाऱ्या एकालाही तो माहीत नव्हता. मलाही भाच्याने वाचून दाखवला.

हा नियम स्कॅनरच्या स्टिकरवरच ठळक मराठीत छापायला लावा. बॉक्सचं भाडं किती, कधीपासून, हे दुकानदाराला मराठीत कागदावर दिल्याशिवाय पहिला रुपया कापू देऊ नका. आणि साध्या फोनवरून, इंटरनेटशिवाय पैसे देण्याची '१२३पे' सोय मार्च २०२२ मध्ये आपल्याच बँकेने सुरू केली. ती शिकवायला बँकमित्राला पाड्यावर पाठवा. इथे बटणांचे फोन अजून खूप आहेत.

त्या बाईचे पैसे चौथ्या दिवशी परत आले. मेसेज इंग्रजीत होता, म्हणून तो वाचून घ्यायला ती दुकानापर्यंत चालत आली. नंतर मोखाड्याला जाऊन पैसे काढून आणले आणि उधारी फेडली. तेव्हापासून ती नोटाच आणते, आणि त्यासाठी जीपचं भाडं भरते.

आपला,
मोखाडा तालुक्यातील एक किराणा दुकानदार