चोवीस वर्षं कुठं होतीस, बाई?

काळ्यांच्या साहित्याचा विषय निघाला की आपली पोरं धडाधड नावं फेकतात. लँग्स्टन ह्यूज, रिचर्ड राइट, बाल्डविन. सगळे बाप्येच! १९७२ साली आपण पँथर हे नाव घेतलं ते त्या काळ्या भावांकडून. त्यांच्या बहिणींचं काय? मार्गारेट वॉकर कोण, विचारा. सगळे गप्प.

तर ऐका. जन्म १९१५चा, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा. शिकागोत राइटच्या बरोबरीनं लेखकांच्या गटात बसलेली. १९४२ साली तिचा 'फॉर माय पीपल' हा संग्रह आला. नव्या कवींसाठीचा येल विद्यापीठाचा पुरस्कार त्याला मिळाला. हा मान मिळवणारी ती पहिली काळी बाई. वय सत्तावीस.

पुढचं मोठं पुस्तक 'ज्युबिली' आलं ते १९६६ला. मधे चोवीस वर्षं. आता कुणी शहाणा विचारील, बाई इतकी वर्षं गप्प का?

अरे, गप्प कुठली! चार पोरं पदरात. १९४९पासून १९७९पर्यंत मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेटमध्ये साहित्याची मास्तरकी. तासामागून तास, पेपरांचे गठ्ठे, घरी आल्यावर चूल. गुलामीत जन्मलेल्या पणजीची कहाणी आजीच्या तोंडून ऐकलेली. ती पोटात घेऊन बाई तीसेक वर्षं वावरली. १९६५ साली, पन्नाशीत, आयोवा विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली. प्रबंध म्हणून दिली हीच कादंबरी.

आपल्यातले काही म्हणतात, प्रोफेसर झाला तो प्रस्थापितांना विकला गेला. असं? मग मिसिसिपीतली ती नोकरी बघा. कॉलेज काळ्यांचं, पैशाच्या नाड्या गोऱ्यांच्या सरकारकडं. ती राहायची त्याच गल्लीत १९६३ साली मेडगर एव्हर्सला त्याच्या दारात गोळी घातली. १९७०च्या मे महिन्यात पोलिसांनी तिच्याच कॉलेजात मुलींच्या होस्टेलवर गोळ्यांचा पाऊस पाडला. दोन पोरं मेली. बाई तिथंच शिकवत राहिली. काळ्यांचा इतिहास, जगणं, संस्कृती यांच्या अभ्यासाची संस्था तिनं १९६८ सालीच तिथं उभी केली होती. १७७३ साली फिलिस व्हीटली या गुलाम पोरीचं कवितेचं पुस्तक छापलं गेलं. त्याला दोनशे वर्षं झाली म्हणून १९७३ साली वॉकरनं काळ्या कवयित्रींचा मेळावा भरवला. पोरांना वारसा दिला, बायांना व्यासपीठ. हे विकलं जाणं असेल तर आपल्यातले आणखी दहाजण विकले जाऊ देत!

चळवळीच्या हिशेबात मोर्चे मोजतात, तुरुंगातले दिवस मोजतात. ही चोवीस वर्षं कुणाच्या खात्यावर टाकायची?

दोस्ता, बैठकीत कविता वाचतोस तू. चहा टाकते ती. तिची वही फळीवर डब्यांच्या मागं पडलीय. वही कोरी का, हे तिला विचारू नकोस. आधी भांडी घास, पोरं झोपव, पेपर तपास. रोज. मग बस लिहायला, आणि किती ओळी होतात ते सांग.